नवी टेप, जुना हात

१४ सप्टेंबर

जाऊबाई, नमस्कार.

हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर टाकते आहे. घरचा फोन म्हणजे जाहीर सभा. मी तुमची चौकशी केली की उत्तर सासूबाई देतात, तुमचे भाऊजी मागून दुरुस्ती करतात, भिंगरी मध्येच फोन घेऊन पळते आणि तुम्ही आतून नुसतं "बरी आहे गं" म्हणून ओरडता. पाच मिनिटं बोलूनही मला काही म्हणता काही कळत नाही. तेव्हा आपण दोघी आपलं लिहीत जाऊ. नवऱ्याला संशय आलाच तर म्हणावं, दोन जावा एकमेकींच्या चहाड्या कळवतात. लगेच पटेल.

या खेपेला निघताना जड गेलं. पहिल्या वर्षी भिंगरी चार वर्षांची होती, आई गेली म्हणजे काय ते तिला नीटसं कळलंच नव्हतं. आता पाच पूर्ण झाली आणि बोटं मोजायला शिकली. किती बोटं झाली की येशील, असं विचारलंन. मी नऊ महिन्यांची नऊ बोटं दाखवली. उरलेलं एक बोट तिनं स्वतःच मिटून टाकलं.

कॉलेजात यंदा शेवटचं वर्ष. कामाची खोली लांबलचक, एका बाजूनं खिडक्या, उभ्यानं बेतता येईल एवढी उंच टेबलं आणि भिंतीशी बारा बिनडोक्याचे पुतळे. पहिल्याच आठवड्यात माझी कटिंगच्या बाईंशी जुंपली. मी कोट बेतला आणि सवयीनं शिवणीच्या आत दोन इंच माया ठेवली. बाई आल्या, कोट उलटा केला आणि बोलता बोलता कात्री घेऊन सगळी माया कापून टाकली. वर्गातले वीसजण बघत होते. म्हणाल्या, एवढं जादा कापड आत ठेवणं म्हणजे स्वतःच्या मापावर विश्वास नसणं. मी म्हटलं, मी शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या घरातली आहे, आमची गिऱ्हाइकं वाढत असतात. त्या म्हणाल्या, इथे फॅशन डिझाईन शिकवतात, युनिफॉर्म नाही.   पुढचा कोट पुन्हा दोन इंच ठेवूनच बेतला आहे.

आता काम. भिंगरीसाठी एक झगा शिवायचा आहे, तिची ताजी मापं पाठवा. जूनमधली माझ्या वहीत आहेत, पण आता ती कुठली उपयोगाची. तुमच्या त्या टेपचा पहिला इंच तुटून दहा वर्षं झाली तरी तुम्हाला ती टाकवत नाही. एकापासून मोजायचं आणि मनातल्या मनात एक वजा करायचा, हे मी लग्नानंतर सगळ्यात आधी शिकले. इथे आल्यावर पहिल्या महिन्यात कॉलेजच्या कोऱ्या करकरीत टेपवरसुद्धा मी एक वजा केला होता, आणि पुतळ्याला कोट चढेना. अजून चिडवतात.

तुमची,
धाकटी

९ ऑक्टोबर

धाकटे,

पत्र पोचलं. दुकानात बसून दोनदा वाचलं आणि गल्ल्यात ठेवून दिलं. तुझी ती कटिंगची बाई मला आवडली. दुसऱ्याच्या कापडावर अशी कात्री चालवायला हिंमत लागते. पण तू ऐकू नकोस तिचं. शिवलेल्या कपड्यात काय ठेवायचं हे ज्याला तो उसवावा लागतो त्यालाच कळतं.

आमची टेप अखेर गेली. परवा एका आडदांड पोराचं माप घेताना मधोमध तुटली. ह्यांनी नवी आणली आहे, दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या लावलेली. हाताला परकी वाटते.

भिंगरीची मापं: छाती सव्वाबावीस, कंबर साडेवीस, खांदा नऊ, बाही पंधरा, झग्याची लांबी चोवीस. माप देताना एक मिनिट उभी राहील तर शपथ. खायचे नखरे चालू आहेत, पण ते कुठल्या पोराचे नसतात. शाळेत तिनं चित्र काढलं, त्यात घरातली सगळी होती आणि तुझ्या जागी शिलाई मशीन. बाईंनी विचारलं तर म्हणाली, आई याच्या मागे बसलेली आहे, म्हणून दिसत नाही.

घरात सगळं ठीक. जास्त लिहीत नाही, दीडशे युनिफॉर्म पडले आहेत आणि काज करणारी सुट्टीवर आहे.

जाऊ

२८ ऑक्टोबर

जाऊबाई,

तुमचं पत्र सोमवारी आलं. त्याच्या आदल्याच दिवशी तुमच्या भाऊजींचा फोन आला होता. म्हणाले, भिंगरी काही खात नाही, वाळत चालली आहे, दप्तर उचलवत नाही तिला. मी तुला ये म्हणत नाही, तू ठरव. मागून सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या की पोटच्या पोरीपेक्षा पुतळे जवळचे झाले. कुणाला तरी म्हणजे मलाच.

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. म्हटलं, पोर वाळते आहे हे तुम्हाला दिसतं तर बाप म्हणून काय करता आहात. फोन ठेवला. मग तुमचं पत्र आलं. तुम्ही काही म्हटलं नव्हतंत, पण मापं होती. जूनची वही काढली. छाती तेवीस होती, आता सव्वाबावीस. कंबर एक इंचानं कमी. खांदा दहाचा नऊ.  नवरा एक वेळ वाढवून सांगेल, पण तुमची टेप खोटं बोलणार नाही, असं वाटलं. सरळ कॉलेजच्या ऑफिसात गेले आणि शिक्षण सोडण्याचा फॉर्म घेऊन आले. कारण लिहायला त्यात चार ओळी असतात. मी चारही भरल्या. हे पत्र मी येते आहे हे कळवायला लिहिते आहे.

२९ ऑक्टोबर, दुपार

पत्र अर्धवट टाकून वर्गात गेले होते. सही तेवढी राहिली होती फॉर्मवर, म्हटलं निदान भिंगरीचा झगा कापून मग निघावं. तुमची मापं कागदावर मांडायला घेतली. छाती, कंबर, खांदा आणि मग बाही. जूनमध्ये बाही साडेपंधरा होती. तुम्ही लिहिली आहे पंधरा.

जाऊबाई, पोर उपाशी राहिली तर पोट खपाटीला जाईल, छाती उतरेल. तिचा हात आखूड कसा होईल? खांद्याचं हाड इंचभर आत कसं जाईल?

मी तशीच टेबलापाशी उभी राहिले आणि पुन्हा तुमचं पत्र काढलं. नवी टेप. दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या. टेप नवी आणि हात जुना. तुम्ही सवयीनं एक वजा केलात, पुतळ्याच्या कोटावर मी केला होता तसाच. प्रत्येक मापात एक मिळवला. छाती पाव इंच वाढली आहे. बाही अर्धा इंच. लांबी पुरा एक इंच. माझी लेक चार महिन्यांत वाढली आहे, जाऊबाई, आणि मी तिला न बघता इथे बसून ते मोजलं. मग मात्र रडू आवरेना. शेजारच्या टेबलावरची मुलगी पाणी घेऊन आली, तिला वाटलं कापड चुकलं.

फॉर्म फाडला. तुमच्या भाऊजींना फोन करून मी अक्षरशः मापं वाचून दाखवली. ते म्हणाले, तू आता पोरीलाही टेपनंच मोजणार का. मी म्हटलं, हो, तुमच्या बोलण्यापेक्षा ती बरी. 

तुमच्यावर राग नाही. असा घोळ आपल्या दोघींशिवाय कुणाकडून झाला नसता. हसू येतं आहे आता. झगा बरोबर मापानं कापला. येत नाही मी.

धाकटी

१७ नोव्हेंबर

धाकटे,

तू हसून सोडून दिलंस. मला ते सोडता येत नाही, म्हणून लिहिते.

पत्र टाकल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्याच मापांनी भिंगरीचा युनिफॉर्म कापून शिवला. खांद्यातून खाली उतरेना. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. लगेच दोन ओळी टाकायला हव्या होत्या, फोनवर तर एका वाक्याचं काम होतं. मी नाही कळवलं. तुझं पत्र येईपर्यंत मी चूक पोटात ठेवून बसले.

ऐक का ते. सप्टेंबरच्या शेवटी सासूबाई आणि भाऊजींनी मला बोलावून बसवलं होतं. तुमचं ती ऐकते, तुम्ही लिहा की परत ये. मी सांगितलं, असलं काही मी लिहिणार नाही. फार बाणेदारपणे सांगितलं. आणि मग ही चूक झाली, आणि मनात आलं की न लिहिताच काम होत असेल तर होऊ दे. येऊ दे तिला. ती तिच्या पायांनी आली, मी नाही बोलावली. इतकी मी कोती आहे. तुला माहीत असू दे.

मी थकले आहे, धाकटे. माझा मुलगा हॉस्टेलला गेला तेव्हा मला वाटलं होतं, सुटले एकदाची. आता पुन्हा कुणाच्या तरी वेण्या, कुणाचा तरी डबा, कुणाचा तरी ताप. भिंगरी माझ्याजवळ झोपते, लाथा मारते. परवा तिनं मला चुकून आई म्हटलं आणि स्वतःच जीभ चावली. मला तेव्हा आनंद झाला. त्या आनंदाचाही मला राग आला. दुकानात मी सकाळी नवाला बसते, आणि साडेबाराला तिच्या शाळेसाठी कात्री खाली ठेवते. कोटाची कॉलर मला तुझ्याहून बरी येते, हे तुलाही कबूल आहे. पण तू तिथे माया किती ठेवावी यावर भांडतेस, आणि मी इथे वर्षानुवर्षं तोच निळा स्कर्ट कापते.

भाऊजी वाईट नाहीत. पण मुलीचा फॉर्म कुठल्या वर्गाचा भरायचा हे ते अजून मला विचारतात.

तू ये म्हणू की येऊ नकोस म्हणू, माझं मला कळत नाही. तेव्हा तूच एका प्रश्नाचं खरं उत्तर दे. तू तिथे शिकायला राहिली आहेस की इथून सुटायला?

जाऊ

६ डिसेंबर

जाऊबाई,

दोन्हीसाठी.

तुमचं पत्र मी आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले. पहिले दोन दिवस तुमच्याशी जन्मात बोलायचं नाही असं ठरवलं होतं. तो फॉर्म फाडायच्या ऐवजी मी त्यावर सही करून बसले असते तर? आणि केवळ तुम्ही इतके दिवस गप्प राहिलात म्हणून? राग आहे, तो लिहूनच टाकते, म्हणजे मनात कुजत पडणार नाही. पण तुम्ही जेवढं खरं लिहिलंत तेवढं मला आजवर कुणी लिहिलं नव्हतं. तेव्हा मीही लिहिते.

इथे आल्यावर पहिल्या रविवारी मी दहा वाजेपर्यंत झोपले. उठल्यावर कुणी काही मागितलं नाही. मी खिडकीत बसून नुसता चहा प्याले आणि मला भिंगरीची आठवणसुद्धा आली नाही, दुपारपर्यंत. आली तेव्हा वाटलं, आपण आई म्हणून नापास. आता नाही वाटत. बाप परगावी नोकरीला राहिला तर त्याला कुणी रोज रडलास का म्हणून विचारत नाही. मला माझी मुलगी हवी आहे आणि मला हे कामही हवं आहे. दोन्हीतलं एक कमी प्रेमाचं आहे असं मी आता कुणाच्याही दारात कबूल करणार नाही. सासूबाईंच्या नाही, बाईंच्याही नाही.

बाईंचं सांगते. परीक्षेसाठी सात कोट करायचे आहेत. मी सातही दोन इंच मायेचे बेतले आहेत, आणि ती माया आत लपवली नाही, बाहेरच्या अंगाला काढून वेगळ्या रंगाच्या धाग्यानं धरली आहे. धागा ओढला की कोट मोठा होतो. अंग भरलं, दिवस गेले, म्हातारपणी पाठ वाकली, तरी तोच कोट. बाई म्हणाल्या, या नापासाच्या वाटेवर मी तुझ्याबरोबर येणार नाही. मी म्हटलं, एकटी जाते. मे महिन्यात बाहेरचे परीक्षक येतील, त्यांच्यापुढे मीच उभी राहणार आहे.

आता तुमचं. जाऊबाई, तुम्ही थकलात याला मी जबाबदार आहे, पण मी एकटी नाही. तुम्हीही आहात. कारण हाक कुणी मारली नाही तरी तुम्ही ओ देता. भिंगरीला बाप आहे. त्याला वेणी घालता येत नाही कारण त्याच्या हातात कंगवा जायच्या आत तुम्ही तो घेता. आजपासून घेऊ नका. ती त्यांच्या खोलीत झोपेल, लाथा त्यांना बसू देत. शाळा, डबा, ताप, सगळं त्यांच्याकडे. ती रडली तर रडेल. तुम्ही दुकानाचा पडदा ओढून आत बसायचं, हे तुमचं काम. मला माहीत आहे, हे दीडशे युनिफॉर्मपेक्षा अवघड आहे.

सोबत तुमच्या भाऊजींसाठी एक पत्र आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. सगळे बसलेले असताना मोठ्यानं वाचा. त्यात मी भांडलेली नाही. मी जूनमध्ये परीक्षा देऊन येणार, त्याआधी नाही, आणि तोवर मुलीचं करायचं काय काय, एवढंच लिहिलं आहे. शेवटी एक ओळ आहे, की मला तुमची आठवण येते. ती मात्र वाचू नका, त्यांनाच दाखवा.

धाकटी

१२ फेब्रुवारी

धाकटे,

दोन महिने लिहिलं नाही, कारण पडद्याआड बसायलाच सगळी ताकद लागत होती.

तुझं पत्र मी जेवणानंतर सगळे बाहेरच्या खोलीत असताना वाचलं. सासूबाई पहिल्या पानालाच उठल्या, पण दारापर्यंत जाऊन थांबल्या, कारण दुसरं पान ऐकायचं होतं. वाचून झाल्यावर भाऊजी म्हणाले, मला यातलं काही येत नाही. मी म्हटलं, मलाही माझा मुलगा झाला तेव्हा येत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, पुरुष माणसाला हे शोभतं का. मी सांगितलं की शोभेपुरतं करू नका, पोट भरेल एवढं करा. आणि माझं अंथरूण उचलून मी दुकानामागच्या खोलीत नेलं.

पहिल्या आठवड्यात भिंगरी शाळेत गेली ती एक वेणी कानावर आणि एक मानेवर घेऊन. युनिफॉर्म उलटा घातलेला, शिवणी बाहेर. ती दुकानावरून गेली तेव्हा मी पडद्याच्या फटीतून बघत होते आणि हातातला धागा दातांनी कुरतडून त्याचा भुगा केला. बाहेर आले नाही. तिच्या बाईंनी विचारलं तर सांगून आली, आमच्याकडे आता बाबा शिकतात. दुसऱ्या आठवड्यात वेण्या सरळ झाल्या. जानेवारीत तिला ताप आला. भाऊजींनी चार दिवस रजा काढली आणि तिच्याजवळून हलले नाहीत. पाचव्या दिवशी दुकानात आले, स्टुलावर बसले आणि बटणांचा डबा उगाच ढवळत राहिले. मग म्हणाले, वहिनी, पोर वाळली म्हणून मी तेव्हा खोटं सांगितलं होतं. ती तिकडेच राहील अशी भीती वाटली. मी म्हटलं, हे मला सांगून काय उपयोग, तिला सांगा. सांगितलं असेल तर बरं, नसेल तर तू विचारू नकोस, थोडा वेळ दे.

सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. घर शांत आहे.

आता माझं. मोकळा वेळ मिळाला की माणूस बिघडतं म्हणतात, तशी मी बिघडले आहे. इथून सहा तासांवर कोट-जाकिटांचं कटिंग शिकवणारी एक जुनी संस्था आहे. दहा महिन्यांचा कोर्स, राहायची सोय तिथेच. गेल्या आठवड्यात जाऊन बघून आले. शिकवणारे मास्तर सत्तरीचे आहेत. त्यांनी मला कॉलर कापून दाखवायला सांगितली, मी दाखवली. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, इतकी वर्षं कुठे होतात. धाकटे, मला त्या माणसाच्या तोंडावर रडायला आलं आणि मी रडलेही. घरी सांगितलं तर हे म्हणाले, या वयात? मी म्हटलं, पंचेचाळीस. तुमची नवी गाडी घेतलीत तेव्हा तुम्ही पन्नास होतात.

फॉर्म भरून दिला आहे. तुझे सात कोट नापास होऊ देत की पास, परीक्षा पुरी केल्याशिवाय तू इकडे पाऊल टाकायचं नाहीस. पण जून संपायच्या आत मात्र ये. मी एक जुलैला निघते आहे. भाऊजी आता बरेच तयार झाले आहेत, दुकान आणि बाकीचं तुला बघायचं आहे.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना होता: उमेदवाराच्या गैरहजेरीत घरची जबाबदारी कोण घेणार. तिथे मी तुझं नाव घातलं. तुला विचारलं नाही. तू पहिल्यांदा निघालीस तेव्हा सासूबाईंना विचारलंस, भाऊजींना विचारलंस, चार वर्षांच्या पोरीलासुद्धा मांडीवर घेऊन विचारलंस. मला कुणीच विचारलं नव्हतं.

जाऊ